डेस्कटॉप कुठून मागवावा? आधी तो बिघडल्यावर कुठे जाईल ते ठरवा

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. घरी डेस्कटॉप घ्यायचा आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि यजमान घरूनच चार-पाच व्यापाऱ्यांचे हिशेब व जीएसटीची कामं बघतात. बजेट मॉनिटर धरून पन्नास हजार. समोर चार पर्याय आहेत. एका मोठ्या शॉपिंग साइटवर ‘कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटर-कीबोर्ड-माउससह पूर्ण सेट’ १७,९९९ रुपयांना दिसतो आहे. एका नामांकित कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आय-३ चा टॉवर (म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य डबा) मॉनिटरशिवाय ४२ हजारांना आहे. मुंबईच्या एका ऑनलाइन दुकानाने सुटे भाग जोडून ४६ हजारांचं कोटेशन पाठवलं आहे. आणि आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधला एक दुकानदार त्याच सामानाचे ४९ हजार सांगतो. ताईंचा प्रश्न: ‘यातली सगळ्यात भरवशाची साइट कोणती?’

मी इंदुरात चोवीस वर्षं कॉम्प्युटर जोडतो आणि दुरुस्त करतो. लोकांनी बाहेरून मागवलेली यंत्रंही बिघडली की माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे खरेदीच्या दिवसापेक्षा बिघाडाचा दिवस मी जास्त पाहिला आहे, आणि माझं उत्तर त्याच बाजूने येईल. स्थानिक दुकानदारीत माझाही जीव आहे, तेही लक्षात ठेवूनच वाचा.

ताई, राजवाड्याला खरेदीला गेल्यावर आपण ‘हा बाजार भरवशाचा आहे का’ असं विचारत नाही. दुकान बघतो, दुकानदार बघतो. ऑनलाइनचंही तसंच आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या मोठ्या मार्केटप्लेस साइटना आपल्या देशात स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिथे विकणारा तिसराच कुणी असतो, साइट फक्त गाळा देते. एकाच साइटवर एका पानावर कंपनीचा अधिकृत विक्रेता असतो आणि पुढच्याच पानावर जुने मदरबोर्ड पुसून विकणारा. म्हणून प्रश्न थोडा बदलू या. हे यंत्र कोण विकतं आहे, बिल कोण देणार आहे, आणि चौदाव्या महिन्यात ते बंद पडलं तर ते उचलून मी कुठे नेणार आहे? या तिन्हीची उत्तरं ज्या ठिकाणी मिळतील ते ठिकाण भरवशाचं.

आधी तो १७,९९९ चा सेट, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

‘आय-७’ हे चिपचं घराणं झालं, वय नव्हे. वय कळतं पुढच्या आकड्यावरून. आय-७ २६०० म्हणजे दुसरी पिढी, ही चिप जानेवारी २०११ मध्ये आली. आय-७ ३७७० ही तिसरी, २०१२ ची. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात: आय-५ १२४०० म्हणजे बारावी पिढी, २०२२. त्याच बाराव्या पिढीतला साधा आय-३ १२१०० हा २०११ च्या आय-७ ला सहज मागे टाकतो. म्हणजे जाहिरातीत ‘आय-७’ लिहिलं आहे आणि पूर्ण मॉडेल नंबर कुठेच नाही, तर तो नंबर विसरून राहिलेला नसतो, मुद्दाम लपवलेला असतो.

गेल्या वर्षी सुदामा नगरातल्या एका शिक्षकांनी असाच एक सेट माझ्याकडे आणला. तक्रार एवढीच, की मुलाच्या ऑनलाइन परीक्षेत तो मध्येच बंद पडतो. कॅबिनेट नवं कोरं, पुढे रंगीत दिवे. आत एच-६१ चिपसेटचा जुना बिनकंपनीचा बोर्ड, जुन्या प्रकारची डीडीआर-३ रॅम, दुसऱ्या पिढीची चिप, आणि हातात धरल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा. एसएसडीची तपासणी केली तर ती हजारो तास चाललेली होती. विक्रेत्याची वॉरंटी ‘एक वर्ष’ लिहिलेली, पण यंत्र स्वतःच्या खर्चाने दिल्लीला पाठवायचं. मास्तरांनी पाठवलं नाही. वीस हजार गेले आणि परीक्षाही गेली. सरांनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

जुन्या चिपचा आणखी एक जाच आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवर विक्रेता ते खटपट करून बसवून देतो, परवाना बहुतेक वेळा चोरीचा असतो, आणि तुमच्या घरी तर व्यापाऱ्यांचे हिशेब, पॅन, पासवर्ड त्याच यंत्रात राहणार. असं यंत्र त्या कामाला वापरू नका, फुकट मिळालं तरी.

जुनं यंत्र घेणंच चूक असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर हे टॉवर मजबूत असतात. आठव्या पिढीच्या पुढचा असेल, ‘रिफर्बिश्ड’ असं बिलावर स्वच्छ लिहिलं असेल आणि वॉरंटी इंदुरात मिळत असेल, तर ज्यांचं बजेट वीस-बावीस हजार आहे त्यांना मी तोच सुचवतो. जुनं म्हणून विकलेलं जुनं चालतं. तुमचं बजेट आहे, तुम्हाला त्याची गरज नाही.

आता उरलेले तीन. इथे मात्र उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीने माझा कल ठरला: यजमानांचं जीएसटीचं काम. मासिक विवरणपत्रं असतील तर दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेला ३-बी (कर भरायचं विवरणपत्र). यंत्र १७ तारखेला बंद पडलं आणि मदरबोर्ड मुंबईला पाठवावा लागला, तर तो परत येईपर्यंत, माझ्या अनुभवात, दोन ते चार आठवडे जातात. एखादा विद्यार्थी गेमिंगसाठी यंत्र घेत असता तर मी म्हटलं असतं, थांबेल तो. तुमच्याकडे चार व्यापाऱ्यांची विवरणपत्रं थांबतील आणि विलंब शुल्क लागेल. म्हणून किमतीतला दोन-तीन हजारांचा फरक आणि दुरुस्तीला लागणारे दिवस एकाच तराजूत घाला.

कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या टॉवरची मोठी जमेची बाजू म्हणजे ऑनसाइट वॉरंटी. फोन केला की माणूस घरी येतो. डेल, एचपी, लेनोवो यांच्याकडे सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख आणि प्रकार साइटवरच बघता येतो. एक बारीक गोष्ट: कधीकधी वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून सुरू न होता, माल कंपनीतून निघाला त्या तारखेपासून धरलेली असते. हातात आल्याबरोबर तपासा. तारीख मागची दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्या महिन्यातच करावं. उणी बाजू अशी, की अशा बऱ्याच टॉवरमध्ये एसएमपीएस कमी वॉटचा आणि कंपनीच्याच मापाचा असतो, बोर्डही त्यांच्याच घाटाचा. मुलीला तिसऱ्या वर्षाला ग्राफिक्स कार्ड लागलं तर ते तिथे बसेलच असं नाही. आणि ४२ हजारांत मॉनिटर नाही. मॉनिटर व यूपीएस धरले की तो आकडा पन्नासच्या पुढे जातो.

मुंबईचं ऑनलाइन दुकान. लॅमिंग्टन रोड, कोलकात्याचा चांदनी चौक, दिल्लीचं नेहरू प्लेस, इथल्या जुन्या दुकानांनी साइट काढल्या आणि त्यातली कित्येक चोख काम करतात. मीही त्यांच्याकडून माल मागवतो. पण ते पूर्ण पीसी पाठवतात तेव्हा वॉरंटी अखंड यंत्राची नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. प्रोसेसरची इंटेल किंवा एएमडीकडे, बोर्डाची त्याच्या आयातदाराकडे, रॅमची आणखी तिसरीकडे. कुठला भाग बिघडला हे आधी तुम्हालाच शोधावं लागतं. घरात किंवा शेजारी कॅबिनेट उघडणारं कुणी असेल तर हे सोपं आहे. नसेल तर दर वेळी माझ्यासारख्याला पैसे द्यावे लागतील, आणि वाचवलेले तीन हजार दोन फेऱ्यांत संपतील.

त्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी बघा. प्रोसेसर ‘बॉक्स’ (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) आहे की ‘ट्रे’ (खोक्याशिवाय सुटा)? इंटेल आणि एएमडी बॉक्स प्रोसेसरवर तीन वर्षांची वॉरंटी स्वतः देतात, ट्रे पीसवर ती थेट ग्राहकाला मिळत नाही, विक्रेत्याच्या शब्दावर राहावं लागतं. एसएमपीएसचं नाव आणि पूर्ण मॉडेल लिहिलं आहे का, की नुसतं ‘४५० वॉट’? आणि बोर्ड भारतातल्या अधिकृत आयातदाराचा आहे का? सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः परगावच्या एका दुकानाकडून स्वस्त मिळाले म्हणून चार बोर्ड घेतले. चौदाव्या महिन्यात एक गेला. सेवा केंद्राने नंबर टाकून बघितला आणि सांगितलं, हा आमच्या मार्गाने देशात आलेलाच नाही. ग्राहकाला मी माझ्या खिशातून दुसरा बोर्ड दिला. तेव्हापासून ऑर्डर देण्याआधी मी विचारतो: आयातदार कोण, आणि त्याचं सेवा केंद्र इंदुरात आहे का? नसेल तर भोपाळला? हा प्रश्न तुम्हीही चॅटवर विचारा. चांगला दुकानदार दोन मिनिटांत सांगतो.

दुकान खरं आहे का हे तपासायचा एक साधा मार्ग आहे, आणि तो यजमानांना माहीतच असेल. साइटच्या तळाशी किंवा कोटेशनवर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असतो. जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे: मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७, गुजरात २४, दिल्ली ०७, पश्चिम बंगाल १९. ‘मुंबईचं जुनं दुकान’ म्हणवणाऱ्याचा नंबर ०७ ने सुरू होतो आणि नोंदणी तीन महिन्यांपूर्वीची आहे, तर पैसे पाठवू नका. नंबरच देत नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही.

याच नंबरचा दुसरा उपयोग पैशांचा आहे. यजमानांची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल आणि ते कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) नसतील, तर बिलावर त्यांचा नंबर घालून घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के कर असतो. ४९ हजारांच्या बिलात कराचे सुमारे ७,४७५ रुपये असतात, आणि धंद्याच्या वापरापुरतं त्याचं क्रेडिट मिळू शकतं. मुंबईचं बिल असेल तर १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर), इंदूरचं असेल तर केंद्राचे ९ अधिक राज्याचे ९. बिल झाल्यावर नंबर घालून मागितला तर बहुतेक साइटवर तो घालता येत नाही, म्हणून ऑर्डर करतानाच. आणि जो दुकानदार ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ म्हणतो, तो तुमची वॉरंटी दोन हजारांना विकत घेतो आहे.

मग सिल्व्हर मॉल. तुमच्या जागी मी असतो तर मुंबईचं कोटेशन छापून त्या दुकानदारापुढे ठेवलं असतं. भांडायला नव्हे. त्याला सांगायचं, हेच भाग, हेच मॉडेल नंबर, बॉक्स प्रोसेसर, प्रत्येक सीरियल नंबर बिलावर, आणि वर्षभर बिघाड शोधून भाग बदलून आणायची जबाबदारी तुमची, हे लेखी. मग किती? एखादा हजार तो खाली येईल असा माझा अंदाज आहे. नाही आला तरी ४९ देऊन मी तिथेच घेतला असता. १७ तारखेला बंद पडलेलं यंत्र रिक्षात घालून दुपारी त्याच्या काउंटरवर ठेवता येतं, आणि चांगला दुकानदार तात्पुरता एखादा भाग लावून काम चालू करून देतो. मुंबईहून हे कुणी करू शकत नाही, त्यांची कितीही इच्छा असली तरी. मात्र तो सीरियल नंबर लिहून द्यायला का-कू करू लागला, तर मॉलमध्ये दुसरी दुकानं आहेत.

यजमानांना अजिबात खोळंबा नको असेल आणि मुलीला ग्राफिक्स कार्ड लागणार नसेल, तर कंपनीचा टॉवर घेऊन ऑनसाइट वॉरंटी तीन वर्षांची करून घ्या, बजेट चार-पाच हजारांनी वाढवून. हा माझा दुसरा पसंतीक्रम. बाकी एक भाग इथून, एक तिथून असंही करता येतं. प्रोसेसर, रॅम, एसएसडी छोट्या खोक्यात सुखरूप येतात, ते ऑनलाइन स्वस्त मिळाले तर घ्यावेत. मॉनिटर, कॅबिनेट आणि यूपीएस इथेच घ्या. यूपीएसची बॅटरी जड, दोन-तीन वर्षांत बदलावी लागणारी, आणि ती बदलून देणारा माणूस गावातलाच लागतो.

भावाबद्दल एक सावधगिरी. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत, कारण बनवणाऱ्यांचा माल मोठ्या प्रमाणावर एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आहे. त्यामुळे आठवडाभर जुन्या कोटेशनवर वाद घालू नका, दोन्ही कोटेशनं एकाच दिवसाची घ्या. आणि अशा दिवसांत कुणी १६ जीबी अगदीच स्वस्तात देत असेल तर ती डीडीआर-३ तर नाही ना, हे आधी बघा.

ऑनलाइनच मागवायचं ठरलं तर पैसे क्रेडिट कार्डाने द्या. माल आलाच नाही किंवा भलताच आला तर बँकेकडे तक्रार करून पैसे रोखण्याचा मार्ग तिथे असतो. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर आगाऊ रक्कम टाकली तर तो मार्ग राहत नाही. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते, ती रक्कम किमतीत धरा.

माल येईल तो दिवस महत्त्वाचा. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ची सोय असेल तर तीच निवडा, आणि खोकं उघडून बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. नसेल तर खोक्याचा पत्ता, सील, चारी बाजू आणि उघडणं हे सगळं एकाच सलग व्हिडिओत घ्या, मध्ये न थांबवता. कोपरा चेपलेला असेल तर सही करतानाच तसं लिहा किंवा घेऊच नका. जोडून आलेल्या पीसीत ग्राफिक्स कार्ड असेल तर आत बऱ्याचदा फोम भरलेला असतो. तो काढल्याशिवाय बटण दाबू नका. मग सुरू करून प्रोसेसरचं नाव बघा, पण नुसत्या सेटिंग्जमधल्या नावावर जाऊ नका, ते बदलता येतं. सीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम खरं मॉडेल दाखवतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या तशाच फुकट प्रोग्रॅममध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते दिसतं, नव्या एसएसडीवर मोजके तास हवेत. हे सगळं पहिल्या दोन दिवसांत करा, कारण परत करायची मुदत बऱ्याच ठिकाणी सातच दिवसांची असते, आणि पानावर ‘रिटर्न’ लिहिलं आहे की फक्त ‘रिप्लेसमेंट’ की ‘सर्व्हिस सेंटर’ यावर पुढचं सगळं ठरतं. हा शब्द ऑर्डर देण्याआधी वाचा.

एवढं करूनही वाद झालाच, तर ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथे हललं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने आणखी एक मोठी सोय केली: विक्रेता कुठलाही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे इंदुरातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. त्यासाठी बिल, व्हिडिओ आणि चॅटचे स्क्रीनशॉट हवेत. दुकानातलं बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच संध्याकाळी त्याचा फोटो काढून ठेवा, काही काळाने त्यावरची अक्षरं उडून जातात.

सिल्व्हर मॉलच्या दुकानदाराने भागांची यादी दिली की तिचे मॉडेल नंबर इथे लिहा. कोणता भाग बदलून घ्यावा ते मी बघून सांगतो. पैसे देण्याच्या आधी लिहा, ताई.